ग्लेनचा शुक्रवार

आमच्या बिल्डिंगमधला ग्लेन अंडी आणायला जायचा तेव्हा युद्ध पुकारायचा.

म्हणजे अक्षरशः. खालच्या बकाल्याचं, म्हणजे आपल्या भाषेत किराणा दुकानाचं, दार ढकलून आत शिरायचा, काउंटरसमोर पाय रोवून उभा राहायचा, उजवी मूठ छातीवर ठेवायचा आणि खणखणीत पुस्तकी अरबीत म्हणायचा, "अय्युहल बक्काल! हे दुकानदारा, मी अंड्यांसाठी आलो आहे. आता माझ्या हातून तुझी सुटका नाही." काउंटरमागचा कुट्टी केरळचा. त्याची अरबी 'खलास' आणि 'इन्शाल्ला' एवढ्यावर वर्षानुवर्षं भागलेली. तो मान वर न करता विचारायचा, "सर, फुल ट्रे ऑर हाफ?"

"हाफ," ग्लेन म्हणायचा. मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवून कमरेत वाकायचा, "अरिगातो, कुट्टी-सान," असे जपानीत आभार मानायचा आणि अंडी घेऊन चालू लागायचा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मागे दह्याचा डबा घेऊन उभी होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "समोरच्या फ्लॅटमध्ये तुमच्या कंपनीनं वेडा आणून ठेवलाय." अविनाश पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "वेडा नाही, अमेरिकन आहे. ग्लेझचा, म्हणजे टाइलवरच्या चकाकीचा, एक्स्पर्ट." मी म्हटलं, दोन्ही असू शकतो की.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची, अमिरातीतल्या रास अल खैमाची. दुबईतले लोक आम्हाला खेडवळच समजायचे. एका अंगाला डोंगर, एका अंगाला समुद्र आणि मध्ये आमचे सिमेंटचे आणि टाइल्सचे कारखाने. अविनाश टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होता. मी इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. आमची सई तेव्हा नऊ वर्षांची, जन्मापासून इथलीच. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा रिवाज होता. "जेवलीस का?" "ऑलरेडी डन, मॉम." मला 'आई' म्हणायला लावायचं तर तिला ताप यावा लागायचा.

आणखी एक गोष्ट माझ्याबद्दल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शाळेत आमच्या प्रिन्सिपल बाईंच्या निरोपाची सरप्राइज पार्टी होती, ती मी त्यांनाच सांगून बसले, 'साडी जरा बरी नेसून या' म्हणून. तेव्हापासून स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणी थांबतात. मला त्याचं फार काही वाटत नाही.

तर ग्लेन. अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. तिथं मक्याशिवाय काही पिकत नाही आणि काही घडतही नाही, असं तो स्वतःच सांगायचा. वय चाळिशीचं, उंची सहा फुटांच्या वर, डोक्यावर विरळ तांबूस केस आणि जीव सगळा जपानात. जपानी भात, जपानी लोणची, जपानी कॉमिक्स, आणि सर्वांत जास्त जपानी कार्टून. आता रास अल खैमात जपानी कार्टून कुठून येणार? तर येत होतं. इथल्या टीव्हीवर संध्याकाळी मुलांसाठी लागायचं, पण अरबीत. आणि अरबी तरी कसली? रस्त्यावरची नव्हे, व्याकरणाच्या पुस्तकातली. त्यातले यंत्रमानव आणि त्यांच्याशी लढणारी शूर मुलं एकमेकांशी ज्या भाषेत बोलायची, त्या भाषेत इथला जिवंत माणूस कोणी बोलत नाही. ग्लेन अरबी शिकला ती ही. त्यामुळे त्याला 'शरण ये, दुष्टा' म्हणता यायचं, पण 'पाणी कुठे मिळेल' म्हणता यायचं नाही.

एकदा त्यानं राउंडअबाउटला गाडी उलट्या बाजूनं घातली. अविनाश शेजारी बसलेला. पोलिसानं थांबवलं. कोवळा मुलगा होता, इथलाच, मिशी नुकती फुटलेली. ग्लेन गाडीतून उतरला, मूठ छातीवर, आणि म्हणाला, "हे सेनापती, दोष माझाच आहे. न्यायाचा विजय होवो." अविनाशला वाटलं, आता दोघांचा व्हिसा गेला. पोलिसानं पेन खिशाला लावलं. मग त्यानंही मूठ छातीवर ठेवली आणि पुढचं वाक्य म्हटलं, "आणि पृथ्वीचं रक्षण होवो." पोरगा लहानपणी शाळेतून आला की तेच कार्टून बघायचा. त्यानं मोटरसायकलवरच्या जोडीदाराला बोलावून ग्लेनकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. पावती फाडलीच, पण सलाम ठोकून दिली.

आमच्या घरी तो पहिल्यांदा आला तो एक काळा चकचकीत डबा घेऊन. दारात त्यानं आमच्या चपलांची रांग पाहिली आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की मी मागे वळून पाहिलं, मागे कोण आलंय म्हणून. "तुम्ही चपला बाहेर काढता," तो म्हणाला. "व्हेरी जॅपनीज, दामले-सान."

जपानीत नावापुढे आदरानं सान लावतात. मराठीत सान म्हणजे लहान, हे त्याला सांगायचा मोह मी माझ्या वजनाकडे पाहून आवरला.

डब्यात भाताचे तिकोनी मुटके होते. त्यांना एकेक काळी पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, त्यासाठी तो महिन्यातून एकदा गाडी काढून दुबईला जायचा. एक पाकीट वीस दिरहम, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये, आणि तेही गवतासाठी. मुटका फोडला तर आत कैरीचं लोणचं. जपानी आंबट फळ इथं मिळत नाही म्हणून त्यानं कुट्टीकडून बरणी आणली होती. मी म्हटलं, "अरे, हा तर लोणचं-भात झाला." त्याला ते कौतुकच वाटलं.

बासमतीला तो हात लावायचा नाही. इतका मोकळा भात म्हणजे एकमेकांशी न बोलणारी माणसं, असं म्हणायचा. इजिप्तचा आखूड, चिकट तांदूळ आणायचा. आमच्या घरी आंबेमोहोर संपला की मीही तोच आणायची, त्यामुळे इथे मात्र आमचं जमलं. मऊ भाताची किंमत कळणारा माझ्या पाहण्यातला तो एकटा परदेशी. त्या दिवशी मी त्याला गुरगुट्या भात, वर तूप आणि मेथकूट असं वाढलं. त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाला, "जपानमध्ये भातावर अशीच पूड भुरभुरतात. हे व्हेरी जॅपनीज आहे."

"हे पुण्याचं आहे," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंनी डाळी भाजून, दळून पाठवलंय."

"तुमच्या सासूबाई व्हेरी जॅपनीज आहेत."

हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या दोन दिवस विचारात होत्या.

पुढे त्याला सगळंच व्हेरी जॅपनीज दिसायला लागलं. आम्ही जमिनीवर जेवायला बसायचो, ते जपानी. पाहुण्यांना वाकून नमस्कार, जपानी. गणपतीत मी उकडीचे मोदक करत होते, तर हा ओट्याशी येऊन उभा. तांदळाची उकड, आत गोड सारण, वर वाफ, म्हणजे याला पुरावाच मिळाला. हात धुऊन मोदक वळायला बसला. माझ्या मोदकाला कशाबशा अकरा कळ्या पडतात. या नेब्रास्काच्या माणसानं पहिला बिघडवला, दुसरा बिघडवला आणि तिसऱ्याला एकवीस कळ्या पाडल्या. बरं झालं सासूबाई पुण्यात होत्या.

अविनाशची मात्र त्याच्यामुळे पंचाईत व्हायची. अविनाशचा जन्म वाकड्या टाइल्स बाजूला काढण्यात गेला. एक मिलिमीटर वाकडी असली तरी रिजेक्ट. आणि ग्लेननं त्याच कारखान्याच्या टेस्टिंगच्या भट्टीत एक वाडगा भाजून आम्हाला भेट दिला. तो वाडगा एका बाजूला चांगला बोटभर कललेला. अविनाशनं तो टेबलावर ठेवला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि हळूच विचारलं, "काही चुकलं का करताना?"

"नाही," ग्लेन म्हणाला. "हा वाकडा व्हायला मला सहा वेळा करावा लागला."

अविनाश त्या रात्री नीट जेवला नाही.

आणि इतकं करून हा माणूस जपानला गेला होता का? तर नाही. एकदाही नाही. मी तोंडावर विचारलं, "दरवर्षी महिनाभर रजा मिळते, तिकीट कंपनी देते, मग जात का नाहीस?" तर नुसता हसला. "आत्ता नाही," म्हणाला.

शुक्रवार सोडला तर रोज संध्याकाळी पाच वाजले की तो आमच्याकडे टीव्ही बघायला यायचा. त्याच्याकडे आमच्यापेक्षा मोठा टीव्ही होता, पण त्याच्याकडे सई नव्हती. इथल्या शाळांत अरबी सक्तीची, त्यामुळे सईला कार्टूनमधलं निम्मंशिम्मं तरी कळायचं. ग्लेन मांडी घालून बसायचा, शेजारी सई, आणि ती टीव्हीवरची नजर न काढता भाषांतर करत जायची. "ही सेज ही विल नेव्हर फरगिव्ह हिम. नाऊ शी इज क्रायिंग. नाऊ ही इज ऑल्सो क्रायिंग." ग्लेन ते सगळं एका वहीत उतरवून घ्यायचा. कोण कोणाला काय म्हणालं, यंत्रमानवाचा कुठला हात तुटला, सगळं. मी शेजारी वह्या तपासत बसलेली असायची. माझ्या वर्गातली एकही मुलगी इतकी टापटीप वही ठेवत नव्हती.

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "ग्लेन, तू इतका मोठा माणूस. भट्टीचे लोक तुला सर म्हणतात. हे पोरांचं कार्टून उतरवून कशाला घेतोस?"

त्यानं वही मिटली. "शुक्रवारसाठी," म्हणाला.

मग कळलं. ग्लेनला एक मुलगी होती, मॉली. ती सात वर्षांची असताना त्याचं आणि बायकोचं मोडलं. मॉली आईकडे राहिली, आईनं दुसरं लग्न केलं आणि हा इकडे वाळवंटात नोकरीला आला. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तो तिला फोन करायचा. तिकडे तेव्हा सकाळचे सात, शाळेची बस यायच्या आधीची वेळ. पहिले काही महिने ते बोलणं असं चालायचं. शाळा कशी आहे? ठीक. काय खाल्लंस? काही नाही. मग दोघंही गप्प, आणि आठ हजार मैलांच्या तारेत नुसती खरखर. मॉलीला त्या वयात एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे हे जपानी कार्टून. बाप घरात होता तेव्हा तो तिच्याबरोबर सोफ्यावर बसून बघायचा, खरं तर डुलक्या काढायचा. एका शुक्रवारी फोनवर गप्प राहून राहून त्यानं विचारलं, "त्या तुटलेल्या यंत्रमानवाचं पुढे काय झालं?" आणि पोरगी वीस मिनिटं बोलली. बस आली तरी बोलत होती.

"त्यानंतर मला मागे पडून चाललं नसतं," ग्लेन म्हणाला. "आधी कार्टून. मग तिला त्यातला भात खावासा वाटतो म्हणाली, म्हणून भात शिकलो. शेवाळानं मला पहिले सहा महिने ओकारी यायची, दामले-सान. आता आवडतं. आता मला हे सगळंच आवडतं, त्याला माझा इलाज नाही. जपानला जायचं ते तिच्याबरोबर, असं तिला वचन दिलंय. म्हणून एकटा जात नाही."

बापलेकीला जोडणारा तेवढा एकच विषय होता, आणि हा माणूस तो वहीत उतरवून जपत होता. मला फार वाईट वाटलं. शुक्रवारी पाचला सईला टीव्हीचा आवाज बारीक करायला लावायचा नियम मी तेव्हापासून केला, कारण दारं पातळ होती आणि समोरून त्याचा आवाज यायचा, "मग? मग काय झालं?"

दोन हजार सालच्या डिसेंबरात मॉली येणार असं ठरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. अकरा दिवसांसाठी.

ग्लेननं ग्राफ पेपरवर अकरा जेवणांचे नकाशे काढले. त्या कार्टूनमधल्या नायिकेचा चेहरा भातावर काढायचा म्हणून शेवाळाच्या पापण्या नेलकटरनं कापायचा सराव केला. पडदे बदलले. कॅटलॉगमधून एक निळा जपानी झगा मागवला. आणि ती यायच्या आदल्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिला. चपला काढायचंसुद्धा भान नव्हतं.

"दामले-सान," म्हणाला, "फोनवर वीस मिनिटं जमतात. अकरा दिवस मी काय बोलू? तिला पुरलं नाही तर ती परत येणार नाही."

मी म्हटलं, "भात खाऊन जा." दुसरं काय म्हणणार?

विमानतळावर आम्ही सगळेच गेलो, कारण ग्लेननं गाडीची किल्ली सकाळीच अविनाशच्या हातात दिली होती. मॉली बाहेर आली ती बापाच्या खांद्यापर्यंत आलेली बारा-तेरा वर्षांची उंच पोरगी, केसांची एक बट जांभळी, कानात हेडफोन. ग्लेननं झगा पुढे केला. तो त्यानं आठवणीतल्या मापानं मागवलेला. बाह्या तिच्या कोपरापर्यंतच आल्या. पोरीनं बाह्यांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, "कूल, डॅड," म्हणाली आणि सगळ्या विमानतळासमोर तो घालून गाडीत बसली. तिथंच ती मला आवडली.

संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमध्ये आम्हालाही जेवण होतं. भातावरची नायिका आमच्याकडे टकामका बघत होती. मॉलीनं तिचा एक डोळा उचलला, पाण्याबरोबर गिळला आणि मग बापाला गेल्या भागाची गोष्ट सांगायला लागली. मी ऐकत होते. चौदा वर्षं वर्ग सांभाळलाय मी. ज्या मुलाला गोष्ट खरंच येते ते सांगताना अडखळतं, मागे जातं, हातवारे करतं. पाठ केलेलं मूल सरळ रेषेत जातं, आणि मध्ये कोणी प्रश्न विचारला की वाक्य परत पहिल्यापासून सुरू करतं. ग्लेननं मध्येच विचारलं, "पण तिला ते आधी माहीत नव्हतं का?" मॉली थांबली. आणि वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेन कारखान्यात गेला तेव्हा ती सईबरोबर आमच्याकडे आली. मी थालीपीठ लावत होते. पोरीनं तीन खाल्ली, वर लोण्याचा गोळा मागून घेतला. मी ताट उचलायला गेले तर तिच्या मांडीवर छापील कागदांचा गठ्ठा. इंटरनेटवरून काढलेला. त्या कार्टूनच्या एकेका भागाचा सारांश, खाली लाल पेननं रेघा मारलेल्या.

"हे काय?"

"होमवर्क," मॉली म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

मी तिच्याकडे नुसतं बघत राहिले. मुलं त्या नजरेपुढे फार वेळ टिकत नाहीत. तिनं सांगितलं ते असं. कार्टून बघणं तिनं चौथीतच सोडलं होतं. तिला आता त्यातलं काही आवडत नाही. भातही नाही, शेवाळ तर नाहीच. तिला ड्रम वाजवायचेत. पण डॅड तिकडे एकटा असतो, आणि त्याला याशिवाय दुसरं काही नाही. फोनवर त्याला इतका आनंद होतो. म्हणून ती दर गुरुवारी झोपायच्या आधी हे कागद काढते आणि पाठ करते. तीन वर्षं.

"त्याला सांगू नका, आंटी. प्लीज. त्याला वाटेल, आता आपल्याकडे बोलायला काहीच नाही."

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते देव जाणे, पण गॅलरीकडून आवाज आला, "आई, सांगू नकोस."

सई होती. मराठीत. तिला तापही नव्हता.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज ग्लेन आनंदानं दारात. "दामले-सान, काल आम्ही दोन तास बोललो. फक्त दुसऱ्या सीझनवर." रोज मी म्हणायची, "वा, छान," आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. अविनाशनं विचारलं, "दात दुखतोय का?" मी त्यालाही सांगितलं नाही. पंधरा वर्षांच्या संसारात त्याच्यापासून लपवलेली ती पहिली गोष्ट.

मॉली गेली. ग्लेन तिला सोडून थेट आमच्याकडे आला, चपला काढल्या, भिंतीला टेकून जमिनीवर बसला. मी न विचारता मऊ भात कालवला, तूप घातलं, मेथकूट घातलं. तो खात होता, आणि खाता खाता म्हणाला, "ती पाठ करते."

माझ्या हातातला डाव खाली पडला.

"कारखान्यात इंटरनेट आलं तेव्हाच मला कळलं," तो म्हणाला. "एका शुक्रवारी तिनं सांगितलेला भाग मला नीट कळला नव्हता, म्हणून शोधला. ते पान सापडलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. पुढच्या शुक्रवारीही तेच. तिला आता ते आवडत नाही, दामले-सान. मला दोन वर्षं माहीत आहे."

"दोन वर्षं? मग तिला सांगितलं का नाहीस? बिचारी पोर उगाच..."

"सांगितलं तर शुक्रवारी आम्ही बोलणार काय?"

मी पडलेला डाव उचलला. तो वाटीच्या कडेचं मेथकूट बोटानं पुसून घेत होता.

"आणि ती दर गुरुवारी माझ्यासाठी अभ्यास करते," तो म्हणाला. "बापासाठी कोणाची मुलगी इतका अभ्यास करते?" हे सांगताना त्याचा चेहरा इतका अभिमानाचा होता की मला पदर डोळ्यांना लावावा लागला. निमित्त कांद्याचं केलं. भातात कांदा नव्हता.

आता माझी अवस्था बघा. लेकीचं गुपित माझ्याकडे, बापाचं गुपित माझ्याकडे. माझ्यासारखीनं एक वाक्य बोलायचा अवकाश, सगळं उघडं पडलं असतं. मी बोलले नाही. त्याला नाही, तिला नाही. तीळ भिजला.

ग्लेन दोन हजार तीनमध्ये नोकरी सोडून नेब्रास्काला गेला, मॉलीच्या गावाजवळ. जाताना कुट्टीसमोर उभं राहून मूठ छातीवर ठेवून बरंच काही म्हणाला. कुट्टीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्यानं हाफ ट्रे अंडी तशीच दिली, पैसे घेतले नाहीत. ग्लेननं माझ्याकडून एक किलो मेथकूट नेलं. ते दोघं पुढे जपानला गेले की नाही, मला माहीत नाही. दोनतीन पत्रं आली, मग थांबली. वाकडा वाडगा आमच्याकडेच आहे. अविनाश अजून त्याच्याकडे पाठ करून बसतो.

सई आता कॅनडात असते. तिची नोकरी मला नीटशी कळत नाही, माझी दुखणी तिला ऐकवावीशी वाटत नाहीत. दर शुक्रवारी मी तिला फोन करते. ऑफिस कसं आहे? गुड. काय खाल्लंस? सम सॅलड. मग मी विचारते, "मेथकूट आहे का गं?" त्यावर मात्र ती बोलते. भात कसा मऊ केला, तूप कुठलं मिळालं, मैत्रिणीला कसं खायला घातलं आणि तिला कसं आवडलं. मी इकडे डाळी भाजते, दळून आणते, पाकिटं भरते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवते.

गेल्या वर्षी तिच्याकडे गेले होते. ती ऑफिसला गेल्यावर चहासाठी साखर शोधत वरचं कपाट उघडलं. आत माझी पाकिटं होती. सात. प्रत्येकावर माझ्या अक्षरात महिना आणि साल. एकाचीही चिकटपट्टी निघालेली नव्हती. पाकिटं तारखेप्रमाणे ओळीत लावून ठेवलेली, पुसलेली, एकावरही धूळ नाही.

मी कपाट लावलं. चहा बिनसाखरेचा प्यायले.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी फोन केला. ऑफिस कसं आहे? गुड. काय खाल्लंस? नथिंग मच. मग विचारलं, "मेथकूट आहे का गं?"

"संपत आलंय, आई," सई म्हणाली. हे एवढं वाक्य ती मराठीत बोलते. "पाठव ना."

"पाठवते," मी म्हटलं.